एकोणिसाव्या नावापाशी

राजगुरुनगरात वाडा रोडला एका किराणा दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि चाकण, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळीच्या लहान कारखान्यांच्या फायली. त्यांची पीएफ-ईएसआयची चलानं भरायची, मस्टर नीट ठेवायचं, इन्स्पेक्टर आला की मालकाच्या शेजारी बसून घाम पुसायचा, हा माझा धंदा. त्याआधी चौदा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या टाइम ऑफिसात काढली. गावाला अजून खेडच म्हणणारी जुनी माणसं बाजारात भेटली की हटकतात. मालक असेल तर म्हणतो, कायद्यांनी नोकऱ्या मारल्या. युनियनचा असेल तर म्हणतो, कायदा होता म्हणून एवढ्या तरी राहिल्या. किती गेल्या आणि किती राहिल्या, हा आकडा दोघांनाही माझ्याकडून हवा असतो. आकडा माझ्याकडे नाही. कुठे बघायचं आणि कुठे फसायचं नाही, एवढं मात्र फायलींनी शिकवलं आहे.

१. मस्टर कितव्या नावाला थांबलंय ते आधी बघा.

एकोणीस नावांवर थांबलेली मस्टरं मी इतकी पाहिली आहेत, की विसावं नाव दिसलं तर पान पुन्हा तपासतो. पीएफचा कायदा १९५२चा. वीस माणसं झाली की लागू होतो, आणि एकदा लागला की माणसं कमी झाली तरी सुटत नाही. मालकाच्या डोक्यातला हिशोब असा: विसावा माणूस पंधरा हजारांवर घेतला, तर पीएफ त्याच्या एकट्याचा नाही, विसांच्या विसांचा भरावा लागतो. मालकाचा वाटा सगळं धरून तेरा टक्के, म्हणजे पंधरा हजारांवर १,९५०. गुणिले वीस, ३९,००० रुपये. पंधरा हजारांचा माणूस पहिल्या महिन्याला चोपन्न हजारांना पडतो.

मग काय होतं? माणूस येतोच, कारण प्रेस चालवायला हात लागतात. शेडच्या मधोमध पत्र्याचं पार्टिशन पडतं, पलीकडच्या अर्ध्या शेडला सौभाग्यवतींच्या नावाचा बोर्ड लागतो आणि दोन मस्टरं सुरू होतात, बारा आणि अकरा. कॉम्प्रेसर एकच, वीजमीटर एकच, दुपारचा चहाही एकाच किटलीतला. पीएफ कार्यालयाला हे ठाऊक असतं. अशा दोन युनिटांना एक धरायला आमच्याकडे ‘क्लबिंग’ म्हणतात, आणि त्या नोटिशीची मालकांना भुताइतकी भीती असते.

आता सांगा, नियमामुळे नोकरी गेली का? तेवीस माणसं कामावर आहेतच. गेला तो तेवीस जणांचा पीएफ. शिवाय ती शेड कधी चाळीस माणसांची होत नाही, हा तोटा वेगळाच. तो कुठल्याच मस्टरवर दिसत नाही, कारण न घेतलेल्या माणसाची हजेरी लागत नसते.

बरीच वर्षं मी सगळा दोष आकड्याला द्यायचो. मग महाराष्ट्राने फॅक्टरी कायद्याचा उंबरठा वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी दहावरून वीसवर नेला, आणि ठेकेदारी कामगारांच्या कायद्याचा २०१६ मध्ये वीसवरून पन्नासवर. मला वाटलं, आता शेडी फुगतील. काही फुगल्या, पण त्या ऑर्डर वाढल्या म्हणून. ज्यांची ऑर्डर तेवढीच होती ते जागेवरच राहिले. अमिरापू आणि गेक्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी देशभरच्या आस्थापनांची मोजणी तपासली. दहाच्या आकड्यापुढे आस्थापनांच्या संख्येत त्यांनाही अशीच घसरण दिसली, आणि जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे ती जास्त खोल निघाली. म्हणजे मालक ज्याला ‘कायद्याचा खर्च’ म्हणतो, त्यात कायद्याचा किती आणि कायदा घेऊन दारात येणाऱ्याचा किती, हे वेगळं काढावं लागतं. माझे मालक ते बरोबर वेगळं काढतात, फक्त वहीत लिहीत नाहीत.

२. सात महिन्यांचं गणित खानावळीत कळतं.

चाकण पट्ट्यात कुणालाही विचारा, टेंपररी किती दिवसांचा? सात महिन्यांचा. सहा का नाही, आठ का नाही? कारण नमुना स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरले की टेंपररी कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. पगारी सुट्ट्या आणि रविवारही त्यात धरले जातात. सात महिने म्हणजे २१२-२१५ दिवस. आठव्या महिन्यात पाय टाकला की तारीख जवळ येते. म्हणून सातव्याच्या शेवटी ‘ब्रेक’. गेटपास जमा, फुल अँड फायनल हातात, पोरगा घरी. दोन-तीन महिन्यांनी त्याच गेटवर, नाहीतर शेजारच्या.

टाइम ऑफिसात असताना ब्रेकची यादी मीच काढायचो. संगणकावर २०५ दिवसांच्या वरचे सगळे लाल रंगात यायचे. एकदा गेवराईकडच्या एका पोराने यादी बघून विचारलं, “साहेब, माझं काम वाईट होतं का?” त्याची लाइन सगळ्यात चांगली चालायची. काय सांगणार? म्हटलं, “नाही बाळा, तुझे दिवस भरले.” बोलून गेल्यावर लक्षात आलं, दिवस भरले याचा आपल्याकडे दुसराही अर्थ होतो.

नियम कायम नोकरी देण्यासाठी होता. कायम असलेल्यांना त्याने खरंच राखलं, हेही मी पाहिलं आहे. भोसरी-पिंपरीत दोन मजली घरं बांधलेली जी पिढी आहे ती त्याच्याच सावलीत उभी राहिली. पण त्याच नियमाने सात महिन्यांची नोकरी नावाची वस्तू जन्माला घातली. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात, कायमपणा टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेंपररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेली आहे. औद्योगिक न्यायालयात दाद मागता येते. पण ज्याला जूनमध्ये परत त्याच गेटवर उभं राहायचं आहे, तो मार्चमध्ये कशाला कोर्टात जाईल?

हे आकड्यात पकडायला जाल तर निसटतं. भविष्यनिर्वाह निधी संघटना २०१८ पासून दर महिन्याला नवे आणि सोडून परत आलेले सभासद जाहीर करते. तो परत आलेल्यांचा रकाना मी आधी वाचतो. आमच्या पट्ट्याची बरीच कथा त्यात आहे. पण त्याहून चोख नोंद आमच्या गल्लीतल्या खानावळीच्या मावशींकडे असते. त्यांच्या वहीत ताटं वर्षभर साधारण तेवढीच असतात, फक्त नावं सारखी खोडलेली. त्या म्हणतात, “पोरं काय हो, गणपतीत एक आणि शिमग्यात दुसरी.” रोजगार तोच आणि माणूस दुसरा, हे मी त्या वहीत शिकलो.

३. नोकरी खाणाऱ्या नियमावर ‘कामगार’ हा शब्द असेलच असं नाही.

२०१९ साल आठवा. भोसरी, चाकण, तळवडे, सगळीकडे मंदी. मोठ्या कंपन्यांत ब्लॉक क्लोजर (काही दिवस उत्पादन बंद), आमच्या शेडींत आठवड्याला चार दिवस काम. आधी ठेकेदाराची माणसं गेली, मग ट्रेनी. तेव्हा चहाच्या टपरीवर तीन आरोपी होते: जीएसटी, बीएस-सहाचे प्रदूषण नियम आणि इलेक्ट्रिक गाड्यांची हवा.

माझ्याकडच्या एका प्रेस शॉपमध्ये ट्रकच्या चेसिसला लागणारे ब्रॅकेट बनायचे. त्याचं काम २०१८च्या दिवाळीनंतरच उतरायला लागलं होतं, बीएस-सहाला तेव्हा दीड वर्ष अवकाश. मालक आणि मी एक दिवस चलानं समोर मांडून बसलो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अवजड वाहनांची अॅक्सलवर भार वाहण्याची मर्यादा वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली होती. रस्त्यावरचा जुना ट्रक एका रात्रीत जास्त माल कायदेशीर वाहू लागला. मग नवा ट्रक कोण घेतो? त्यात त्याच वर्षी सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हात आखडते घेतले. बीएस-सहाची १ एप्रिल २०२०ची तारीख सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच पक्की केली होती, त्यामुळे कंपन्या जुना साठा कमी करत होत्या. आणि ती तारीख उगवली तेव्हा आठवड्याभरापूर्वीच देशाला कुलूप लागलेलं.

यातल्या कशाने किती माणसं गेली? ठामपणे सांगणाऱ्याला मी चहा पाजतो, पण त्याचं ऐकत नाही. अॅक्सलच्या अधिसूचनेत कामगार हा शब्द नव्हता, आणि कुठल्याही मोर्च्यात तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

उलट बाजूही याच काळात घडली. १२५ सीसीवरच्या मोटरसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. बीएस-सहाने कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन आणलं. कार्ब्युरेटरच्या बॉडीचं मशीनिंग करणाऱ्याच्या व्हीएमसीवर धूळ बसली आणि चार गाळे सोडून सेन्सरच्या वायरिंगचं काम घेणाऱ्याने पोरी भरल्या. बेरीज कदाचित सारखीच आली असेल. पण मशीनवरचा पंचेचाळिशीचा सेटर वायरिंगच्या टेबलावर बसत नाही, त्याला कुणी बसवतही नाही.

४. मोजणारा कुठे उभा आहे ते विचारा.

आकुर्डीचा बजाजचा कारखाना सप्टेंबर २००७ मध्ये उत्पादनापुरता थांबला. त्याच वर्षी उत्तराखंडातला पंतनगरचा कारखाना सुरू झाला होता, कारण २००३ पासून तिथे अबकारी कराची सूट होती. चाकणचा कारखाना त्याआधीच, १९९९ पासून चालू. चाकण महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणून जकात नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेची तिजोरी जकातीवरच फुगलेली. आकुर्डीशेजारच्या निगडीच्या चौकात उभं राहिलं तर नियमांनी नोकऱ्या घालवल्या. खेडच्या चौकात उभं राहिलं तर नियमांनी नोकऱ्या आणल्या. आमच्या पाबळ रोडच्या खोल्यांची भाडी तेव्हापासून चढली ती आजतागायत. पंतनगरात उभं राहिलं तर दिवाळी. दिल्लीत बसून बेरीज केली तर फारसं काही घडलंच नाही.

आणि त्याच आकुर्डीत २०२२ साली इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला, म्हणजे धोरणांनी चाक परत फिरवलं. २००७ला घरी बसलेला गडी मात्र तोवर साठीला आलेला.

५. परवानगी नाकारली म्हणून काम मिळत नाही.

आमच्या चाकणहून तळेगावचा रस्ता धरला की जनरल मोटर्सचा कारखाना लागायचा. नियम आणि नोकऱ्या यांचा संबंध शिकवायला मला एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी हेच देईन.

जानेवारी २०२० मध्ये कंपनीने तो कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरवलं. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्राने नियम काढला, की ज्यांच्या सीमा भारताला लागून आहेत त्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची मंजुरी लागेल. नियम परकीय गुंतवणुकीचा, पण अडकली तळेगावची नोकरी. डिसेंबरात उत्पादन थांबलं. मग दुसरा कायदा पुढे आला, १९४७चा औद्योगिक विवाद कायदा. शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांचा कारखाना बंद करायचा तर तेव्हा राज्य सरकारची परवानगी लागायची. आणीबाणीत आलेली ही तरतूद आधी तीनशेंसाठी होती, १९८२च्या दुरुस्तीने शंभरावर आली. राज्याने परवानगी नाकारली. तरी एप्रिल २०२१ मध्ये सुमारे चौदाशे कामगारांना कामावरून थांबवल्याच्या नोटिसा गेल्या. ग्रेट वॉलचा करार २०२२च्या मध्यावर मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला, आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या.

मालकांना हे सांगितलं की म्हणतात, बघा, म्हणूनच इथे कुणी मोठा कारखाना काढत नाही. मला ते पूर्ण पटत नाही. शंभराची अट असतानाच फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा चाकणला आले. दुसऱ्या बाजूला, नाकारलेल्या परवानगीने एकाही माणसाच्या हाताला पाना दिला नाही. तिने दिली ती वाटाघाटीच्या टेबलावरची एक खुर्ची. तिची किंमत शून्य नाही. पण तिला रोजगार वाचवला असं म्हणू नये, एवढंच.

६. पैसे कोण भरतो त्यावरून कोणाला घेतलं जातं ते ठरतं.

फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला मनाई केली होती. हेतू चांगला. पण शिफ्ट फिरती असेल तर जिला रात्रपाळी चालत नाही तिला दिवसपाळीलाही घेत नाहीत. टाइम ऑफिसातल्या माझ्या चौदा वर्षांत लाइनवर एकही बाई नव्हती, आणि ते आम्हाला खटकतही नव्हतं. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटी घालून ती मनाई काढली. आता बजाजच्या चाकण कारखान्यात आणि टाटांच्या पुण्यातल्या कारखान्यात संपूर्ण लाइनच बायकांची आहे. पहाटे कंपनीच्या बसमधून एसटी स्टँडपाशी उतरणाऱ्या पोरी आता कुणी वळून बघत नाही इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत.

पण बाळंतपणाच्या रजेचं बघा. २०१७ मध्ये ती बारावरून सव्वीस आठवडे झाली. सगळे म्हणाले, आता बायकांना कुणी घेणार नाही. माझ्या फायलींत तसं सरसकट झालं नाही. जिचा पगार एकवीस हजारांच्या आत, ती ईएसआयमध्ये. तिच्या रजेचे पैसे ईएसआय देतं, मालकाला त्याची झळ नाही. जिचा पगार त्यावर, तिचे सव्वीस आठवडे मालकाच्या खिशातून. म्हणून लाइनवर पोरी वाढल्या आणि क्वालिटी इंजिनिअरच्या जागेला मात्र “जरा मुलगाच बघा” असा फोन मला येऊ लागला. कायदा एक, रजा तेवढीच, परिणाम दोन.

पाळणाघराचंही तसंच. फॅक्टरी कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका झाल्या की पाळणाघर लागायचं. तीसवर थांबलेली मस्टरंही माझ्याकडे आहेत.

७. माथाडीचं नाव सांगणारा प्रत्येक जण माथाडी नसतो.

१९६९चा माथाडी कायदा हा महाराष्ट्राने देशाला दिलेला एक उत्तम कायदा आहे, हे मी मालकांच्या तोंडावर सांगतो. पाठीवर ओझं वाहणाऱ्याला मजुरी, बोनस, दवाखाना मिळाला तो त्यामुळे आणि अण्णासाहेब पाटलांमुळे. आमच्या एमआयडीसीत मात्र त्या नावाने पांढऱ्या गाडीतून चार जण येतात, ज्यांनी आयुष्यात गोणी उचललेली नसते. फोर्कलिफ्टने उतरवलेल्या मालाची हमाली मागतात. दोन ट्रक अडवले की मालक देतो आणि रात्री मला फोन करून कायद्याला शिव्या घालतो. यावर जास्त लिहीत नाही. मलाही याच रस्त्याने घरी जायचं असतं.

८. पंडितांची यादी उघडून वाचा.

भारतातल्या कामगार कायद्यांवर बेस्ली आणि बर्जेस यांचा २००४चा शोधनिबंध जगभर वाचला गेला. राज्यांनी केलेल्या दुरुस्त्या मोजून त्यांनी कामगारधार्जिणी राज्यं एका बाजूला काढली आणि तिथे उद्योग मागे पडले असं दाखवलं. त्या यादीत महाराष्ट्राबरोबर गुजरातही होता. आदित्य भट्टाचार्जी यांनी नंतर खोदून काढलं, की गुजरातवर तो शिक्का १९७३च्या एकाच दुरुस्तीमुळे बसला होता, आणि ती होती संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर प्रतिनिधी न नेमल्यास दिवसाला पन्नास रुपये दंडाची. पन्नास रुपये! हे एका शिबिरात ऐकलं तेव्हा मी इतका हसलो की शेजारच्याने पाणी दिलं.

९. नियम यायच्या आधीची पानं जपून ठेवा.

२१ नोव्हेंबर २०२५ला केंद्राने चारही कामगार संहिता लागू झाल्याचं जाहीर केलं. कारखाना बंद करण्याच्या परवानगीचा उंबरठा शंभरावरून पुन्हा तीनशेवर गेला. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. दुसऱ्याच दिवशी दोन मालकांचे फोन. एकाने विचारलं, “आता सात महिन्यांची कटकट गेली ना?” दुसऱ्याने विचारलं, “करार अकरा महिन्यांचा केला तर ग्रॅच्युइटी लागत नाही ना?”

मी दोघांना सांगितलं, उद्या या. मग नोव्हेंबरच्या सगळ्या मस्टरांची शेवटची पानं, कायम किती, ठेकेदाराचे किती, ट्रेनी किती, बायका किती, झेरॉक्स करून एका वेगळ्या फाइलला लावली. २०१५ला आणि २०१८ला हे केलं नव्हतं, त्याची चुटपुट अजून आहे. खानावळीच्या मावशींनाही म्हटलं, या वर्षाची वही रद्दीत घालू नका. त्यांनी विचारलं, तिच्यात काय आहे एवढं? मी खोडलेली नावं दाखवली. त्या म्हणाल्या, “न्या की मग. पण तीन पोरांची उधारी आहे त्यात, तेवढी आधी उतरवून द्या.”